पश्चिमेचा हॉल, सतरावा मजला आणि मोठी खिडकी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोरिवली पश्चिमेला सतराव्या मजल्यावर घर घेतलंय, ताबा दिवाळीनंतर मिळेल. हॉल पश्चिमेला, समोर गोराईची खाडी आणि पॅगोडाचा कळस. हॉलला लागून चार फुटांची बाल्कनी आहे. ती आत घ्यायची आणि बाहेरच्या कडेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावायची, असं घरात ठरत आलंय. एक बेडरूम उत्तरेला, दुसरी पूर्वेला रेल्वेच्या बाजूला. तीन वर्षांची मुलगी आहे. खिडक्यांच्या चौकटींना यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिक) घ्यावं की अल्युमिनियम, आणि दुहेरी काच बसवली तर ऊन आणि लोकलचा आवाज दोन्ही थांबेल का, हे तुम्ही विचारलंय.

खिडक्या बनवायच्या आणि बसवायच्या, हे काम मी सत्तावीस वर्षं करतोय. भांडुपला वर्कशॉप आहे. तुम्ही विचारलेल्या गोष्टींवर येतोच, पण त्याआधी जे विचारलं नाहीत ते सांगतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ताई, ती बाल्कनी आत घेऊ नका.

मुंबईत चांगला देखावा पश्चिमेला, समुद्राचा वाराही पश्चिमेचा, आणि दुपारनंतरचं ऊन आणि पावसाची झड, तीही तिकडूनच. घर बांधणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा तो याचसाठी. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती बघा, प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या डोक्यावरून भुवईसारखा सलग छज्जा फिरलेला दिसेल. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर कांचनजंगा बांधली (१९८३ मध्ये ती पूर्ण झाली), तेव्हा उंच टॉवरमध्येही त्यांनी तोच व्हरांडा वर नेला. दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोपऱ्यांत ठेवल्या आणि राहायच्या खोल्या त्यांच्या आड घेतल्या. तुमच्या चार फुटांच्या बाल्कनीचं कामही तेच आहे. ती काढली की काच थेट पावसात आणि उन्हात उभी राहते, मग ती कितीही महाग असू द्या.

आणि मंजूर नकाशात बाल्कनी उघडी दाखवलेली असेल तर महापालिकेच्या परवानगीशिवाय ती बंद करणं नियमात बसत नाही. सोसायटीचं पत्र मिळालं म्हणजे महापालिकेची परवानगी मिळाली असं होत नाही. हॉल आणि बाल्कनीमधली भिंत तोडून दार रुंद करायचं मनात असेल तर आधी बिल्डरच्या इंजिनिअरला विचारा. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये मिवान पद्धतीने, म्हणजे अल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधकाम होतं. तिथे विटेची वाटणारी भिंतसुद्धा आरसीसीची असते आणि इमारतीचा भार तिच्यावर असतो. अशा भिंतीला हात लावायचाच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मोठी काच घ्या, पण बाल्कनीच्या आतल्या बाजूला. दहा फूट रुंद, सात फूट उंच सरकतं दार. देखावा तोच राहतो आणि दार भिजत नाही.

आता ऊन. मार्चच्या शेवटी संध्याकाळी पाच वाजता मुंबईत सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंश वर असतो. इतक्या तिरप्या उन्हात दोन फुटी छज्जा खिडकीच्या वरच्या अकरा-साडेअकरा इंचांवरच सावली टाकतो, चार फुटी बाल्कनीचं छत पावणेदोन-दोन फुटांवर. म्हणजे साडेतीन-पावणेचारपर्यंत बाल्कनी तुमच्या दाराचा वरचा अर्धा भाग झाकेल, त्यानंतरचं ऊन आत येणार. दहा बाय सातचं दार म्हणजे साडेसहा चौरस मीटर काच. उन्हाळ्यात चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट उष्णता पडते, आणि साधी काच त्यातली ऐंशी टक्के आत सोडते. सगळी काच उन्हात आली असं धरून हिशेब करा, तीन हजार वॅटच्या वर गेला. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे जवळजवळ एक अख्खा एसी नुसत्या त्या काचेसाठी चालणार.

दुहेरी काचेबद्दल गैरसमज होतो तो इथेच. दोन काचांमधली हवेची पोकळी बाहेरच्या गरम हवेची उष्णता अडवते. पण बाहेर ३३ अंश आणि आत २५ असताना हवेतल्या फरकामुळे त्या दारातून येणारी उष्णता तीनशे वॅटच्या आसपास असते. दुहेरी काचेने ती निम्मी होईल, वाचले दीडशे वॅट. सरळ पडणारं ऊन मात्र दोन साध्या काचांमधूनही सत्तर टक्के आत येतं. दुहेरी काच ही थंड देशांची गरज आहे, तिथे आत-बाहेर तीस-तीस अंशांचा फरक असतो. आपल्याला अडवायचंय ते ऊन.

त्यासाठी काचवाल्याला एकच आकडा विचारा, एसएचजीसी. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते यावरून कळतं. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, तुम्हाला ०.३५-०.४० चालेल. सोबत व्हीएलटी, म्हणजे किती उजेड आत येतो, तेही विचारा. गडद निळी नाहीतर आरशासारखी काच एसएचजीसीला छान दिसते, पण तिच्यामागे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा वाजता दिवे लावून बसावं लागतं. व्हीएलटी पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. फूटभर तुकडा मागून घ्या आणि पावसाळी ढगात पांढऱ्या कागदावर धरून बघा. दुकानातल्या दिव्याखाली काही कळत नाही.

याहून स्वस्त आणि जास्त कामाची गोष्ट म्हणजे चिकाचा पडदा. बांबूचा चिक बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला लावा. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं, आतल्या पडद्याला ते जमत नाही, कारण तोवर उष्णता काच ओलांडून खोलीत आलेली असते. सतराव्या मजल्यावर वारा जोराचा असतो, तेव्हा दोन्ही बाजूंना वरून खाली स्टीलच्या ताणलेल्या तारा हव्यात आणि चिक त्यांत ओवलेला हवा. जूनमध्ये गुंडाळून काढून ठेवायचा.

उन्हापेक्षा पाण्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त तक्रारी पाण्याच्या येतात आणि सगळ्यात कमी विचार पाण्याचाच होतो.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्सोव्याला अकराव्या मजल्यावर मी तीन ट्रॅकची सरकती खिडकी बसवली होती, थेट समुद्रासमोर, डोक्यावर छज्जा नाही. जुलैत रात्री साडेदहाला त्या काकूंचा फोन आला, आत पाणी येतंय. गेलो. सोफा ओढून बाजूला केला होता, जमिनीवर टॉवेल पसरले होते. मी टॉर्च लावून खालच्या ट्रॅकजवळ गुडघ्यांवर बसलो. ट्रॅक पाण्याने काठोकाठ भरला होता. पाणी बाहेर जायला पाडलेल्या भोकांतून एक थेंब बाहेर जात नव्हता, उलट तिथून बुडबुडे येत होते. वाऱ्याचा झोत आला की बुडबुडे वाढायचे, पाणी आतल्या कडेवरून लाटेसारखं उलटायचं आणि फरशीवर पडायचं. झोत ओसरला की भोकांतून गटगट आवाज करत थोडं बाहेर जायचं. सिलिकॉन ठीक होतं, गॅस्केट (काचेभोवतीचं रबर) ठीक होतं, काचही ठीक होती. तासभर मी ते बघत बसलो आणि त्या रात्री मला खिडकी कळली.

ताशी ७२ किलोमीटरचा वारा काचेवर जो दाब देतो, तो साधारण एक इंच उंचीचं पाणी तोलून धरतो. वारा ताशी ९० वर गेला की दीड इंच. माझ्या त्या ट्रॅकची आतली कड इंचाहून जराशीच उंच होती. मग पाणी बाहेर जाणार कसं? चूक माझी होती, सेक्शन, म्हणजे चौकटीची अल्युमिनियमची पट्टी, निवडताना मी किंमत बघितली, कड बघितली नाही. नंतर स्वतःच्या खर्चाने ती खिडकी बदलली. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेलं तेव्हा त्या घरून फोन आला नाही.

तेव्हा कुणाकडूनही काम करून घ्या, पण सेक्शनचा कापलेला तुकडा हातात घ्या आणि खालच्या ट्रॅकची आतली कड पट्टीने मोजा. बाल्कनीच्या आड असलेल्या दाराला दीड इंच ठीक आहे, उघड्यावरच्या खिडकीला दोन इंचांच्या पुढे हवी. बाहेरच्या भोकांवर झडप असलेली टोपी हवी, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही. हल्ली लोकांना जमिनीच्या बरोबरीचा सपाट ट्रॅक हवा असतो, पायाला काही लागायला नको म्हणून. पश्चिमेला तो बसवायला मी नाही म्हणतो. घडी होऊन पूर्ण उघडणाऱ्या दारालाही तसंच. दिसायला सुंदर, पण जितके सांधे तितक्या पाणी शिरायच्या जागा.

सरकत्या दारातही फरक आहे. तीन ट्रॅकमध्ये दोन काचा आणि एक जाळी घेतली तर अर्धंच उघडतं. तीन काचा घेऊन एकामागे एक सरकवल्या तर दोन तृतीयांश उघडतं, जाळी वेगळ्या ट्रॅकवर किंवा घडीची घ्यावी लागते. पैसे थोडे जास्त जातात, पण इथे जायला हवेत. लोक काच किती मोठी ते मोजतात, मी म्हणतो उघडतं किती ते मोजा. आपल्यासारख्या दमट हवेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडी जागा हवी असं म्हटलंय. घट्ट बसवलेली काच त्यात धरायची नाही. आणि वारा बाहेर जायला वाट असेल तरच आत येतो. दुपारी खाडीकडून आलेली झुळूक उत्तरेच्या बेडरूममधून निघून जायला हवी, पण बेडरूमचं दार लावलं की सगळं थांबतं. चाळीतल्या खोल्यांना दारावर झडप असायची, आठवत असेल. तुमच्या बेडरूमच्या दारांवर तशी फूटभर उंचीची झडप करून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उत्तरेच्या बेडरूमला मी वरून बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी सुचवेन. काचच छज्ज्याचं काम करते, त्यामुळे साध्या पावसात ती चार बोटं उघडी ठेवता येते. जून ते सप्टेंबर घर बंद ठेवलं की कपाटातल्या कपड्यांना वास लागतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. पावसात उघडी राहील अशी एक तरी खिडकी प्रत्येक घरात पाहिजेच. उत्तरेला ऊन जवळजवळ त्रास देत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो. मोठ्या खिडकीची हौस तिथे खुशाल भागवा, साधी काच पुरे.

पूर्वेच्या बेडरूमचा प्रश्न आवाजाचा. सरकत्या खिडकीच्या कडांना लोकरीसारखी ब्रशची पट्टी असते, तिच्यातून हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाज जातो. त्यामुळे इथे बिजागरीची, चारही बाजूंनी रबरावर दाबून बसणारी, दोन-तीन ठिकाणी लॉक होणारी खिडकी घ्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पारदर्शक थर चिकटवलेली. दुहेरी काच घ्यायचीच असेल तर दोन्ही वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरात थरथरतात आणि तो सूर आत येतो. काम झाल्यावर एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक नीट बुजवलंय ना तेही बघा. मी असे बेडरूम बघितलेत जिथे भारी खिडकी लावून आवाज त्या एका भोकातून येत होता. खिडकी उघडली की लोकल ऐकू येणार, त्यावर कुठल्याच काचेचा उपाय नाही.

यूपीव्हीसी की अल्युमिनियम? बेडरूमला यूपीव्हीसी चांगलं, रबर छान बसतं, खाऱ्या हवेने गंजत नाही. पण त्याच्या आत लोखंडी पट्टी असते, ती गॅल्व्हनाइज्ड आहे ना आणि सगळ्या बाजूंना घातलीय ना ते विचारा. हॉलच्या दाराला अल्युमिनियमच. मोठ्या काचेचं वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायला ताठपणा लागतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. त्याचा दाब दर चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास होतो, उंचीमुळे तो आणखी वाढतो. तुमच्या दारावर तो पाऊणशे नाही, साडेसातशे किलोंच्या वर जातो. हा जोर येतो मधल्या उभ्या पट्टीवर, जिथे दोन शटर (दाराचे सरकणारे भाग) एकमेकांत अडकतात. बसवल्यावर तिथे तळहाताने दाबून बघा, दार लवलवलं तर सेक्शन हलका आहे. खाडी जवळ आहे म्हणून स्क्रू, रोलर, बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या मागा, निदान बाहेरच्या बाजूच्या. एक साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबड्या रेघा सोडतो.

काच टफन्ड (तापवून कडक केलेली) हवी, कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का असतो तो बघा. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात आणि सगळी खाली पडते. क्वचित ती काही न लागताही फुटते. सतराव्या मजल्यावरून खाली काय पडेल आणि घरात लहान मूल आहे, हे दोन्ही लक्षात घेऊन तुम्हाला टफन्ड लॅमिनेटेडच सुचवतो. फुटली तरी थराला चिकटून जागेवर राहते. पाच अधिक पाच मिलिमीटरच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो. तुमच्या दाराच्या तीन भागांपैकी एकेक ५४ किलोंच्या आसपास होईल, रोलर त्या हिशेबाचे हवेत.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून इथे लिफ्टचं माप घ्यावं लागतं. आता बिल्डरची बाहेरची क्रेन आहे, पण पाच वर्षांनी एक काच बदलायची झाली तर ती लिफ्टमधून नाहीतर जिन्याच्या वळणातून वर यायला हवी. सर्व्हिस लिफ्टच्या दाराची उंची, आतली तिरकी लांबी आणि जिन्याचं वळण मोजा, आणि त्यात न बसणारी काच घेऊ नका. तसंच पुसण्याचं. उघड्यावर घट्ट बसवलेली काच बाहेरून कोण पुसणार? बाल्कनीच्या आत दार असेल तर हा प्रश्नच येत नाही. बेडरूमच्या खिडक्यांसाठी हात बाहेर काढून सगळीकडे पोचतो का ते बघून शटरची रुंदी ठरवा.

मुलीसाठी: बेडरूमच्या खिडकीला चार इंचांपुढे न उघडणारा, किल्लीने सुटणारा अडकवा लावून घ्या आणि खिडकीखाली पलंग, स्टूल, खेळण्यांची पेटी काही ठेवू नका. मच्छरजाळी म्हणजे आडोसा नव्हे, मूल टेकलं की ती निघून येते. तारांचं अदृश्य ग्रिल लावलंत तर वर्षातून एकदा ताण तपासून घ्या. लोखंडी ग्रिल लावलंत तर एक भाग आतून उघडणारा ठेवाच, आग लागली तर अग्निशमन दलाला आणि तुम्हाला तीच वाट असते.

बसवायच्या दिवशी कामावर कुणीतरी हजर राहा. चौकट ओळंब्यात (सरळ उभी) आणि गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे का, खालचा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उतरता आहे का, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच आहे का, हे डोळ्यांनी बघता येतं. खाच नसेल तर पाणी दगडाखालून उलटं भिंतीकडे येतं आणि तुम्ही खिडकीला दोष देता. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास आला तर काम थांबवा, तो प्रकार सिमेंटला आणि दगडाला नीट धरत नाही. न्यूट्रल सिलिकॉन मागा. सगळं वाळल्यावर बाहेरच्या बाजूने पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

मापं मात्र हॉल आणि बाल्कनीची फरशी बसल्यावरच घेऊ द्या. आधी घेतली तर फरशीची जाडी ट्रॅकची कड खाऊन टाकते. आणि दार बसलं की फरशी कापणाऱ्याचं काम संपेपर्यंत खालच्या ट्रॅकवर प्लायची पट्टी ठेवा. एकदा भोकांत सिमेंटची भुकटी बसली आणि पाणी लागून घट्ट झाली की ती जूनमध्येच कळते.